विजयदुर्गावर आलेल्या ‘केंट’चा माग कसा काढाल?

आमच्या देवगडकडे विजयदुर्ग म्हटलं की आंग्र्यांचं जळालेलं आरमार आठवतं. जाळणाऱ्यांची जहाजं मात्र ‘इंग्रजांचं आरमार’ एवढ्यावर उरकली जातात. खरं तर त्यातल्या एकेका जहाजाची कुंडली मांडता येते. त्या आरमाराचा प्रमुख अॅडमिरल वॉटसन, तो स्वतः ज्यावर असे ते निशाणाचं जहाज ‘केंट’ घेऊ.

आधी जहाज नक्की करा. ब्रिटिश आरमार जुनीच नावं नव्या जहाजांना देतं. आपलं केंट १७४६ चं. १७६२ ला त्याच नावाचं ७४ तोफांचं आलं. म्हणून टिपणाच्या डोक्यावर ‘केंट, १७४६’ असंच लिहा. तोफांवरून ओळख पटवायला जाऊ नका, हेच जहाज कुठे ६४ तोफांचं दिसतं, कुठे ७० चं.

मग लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जची यादी उघडा, ती घरबसल्या बघता येते. तिथे आरमार खात्याच्या कागदांचे गट ‘एडीएम’ या खुणेने लावलेत. कप्तानांचे लॉग, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवह्या, ‘एडीएम ५१’ मध्ये, मास्टरचे (जहाजाची दिशा-वाट सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे) ‘एडीएम ५२’ मध्ये, खलाशांचे हजेरीपट ‘एडीएम ३६’ मध्ये. लेफ्टनंटचे लॉग मात्र ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. एकाच दिवसाचे दोन लॉग शेजारी ठेवून वाचा. घाई असली तर मास्टरचा आधी. वारा, दिशा, खोली यांत तो जास्त काटेकोर असतो.

आता तारखा. इथे भले भले घसरतात. समुद्रावरचा दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा, तोही जमिनीवरच्या दिवसाच्या बारा तास आधी. १२ फेब्रुवारी १७५६ च्या दुपारी विजयदुर्गावर तोफा सुरू झाल्या. समुद्री दिवस धरणाऱ्या लॉगमध्ये ते १३ तारखेखाली सापडेल. नांगरावर असताना काही जण साधा दिवसही धरत, तेव्हा आधीची चार पानं चाळून त्या कप्तानाची रीत ओळखा. सप्टेंबर १७५२ पूर्वीच्या इंग्रजी तारखा तर जुन्या पंचांगातल्या, नव्याहून अकरा दिवस मागे. केंट १७४७ मध्ये फ्रेंचांविरुद्धच्या फिनिस्टेरेच्या (स्पेनजवळच्या) दुसऱ्या लढाईत होतं. इंग्रजी कागदात ती १४ ऑक्टोबरला, फ्रेंच कागदात २५ ला. त्या लढाईनंतर कप्तान फॉक्सचं कोर्टमार्शल झालं आणि जहाज त्याच्या हातून गेलं. अशा खटल्यांत साक्षी असतात, त्या लॉगपेक्षा बोलक्या. ‘एडीएम १’ मध्ये शोधा.

हजेरीपटात नावापुढचं अक्षर बघा: ‘डी’ म्हणजे जहाजावरून गेला, ‘डीडी’ म्हणजे मेला, ‘आर’ म्हणजे पळाला. २३ मार्च १७५७ ला बंगालातल्या चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यासमोर केंटला जबर मार बसला, कप्तान स्पीक आणि त्याचा मुलगा दोघे जखमी झाले, मुलगा पुढे दगावला. त्या महिन्यांचे ‘डीडी’ मोजा, पण जन्मगाव शोधत बसू नका; वय आणि गाव लिहायची पद्धत १७६४ नंतरची. एकूण आकडाही डोळे मिटून घेऊ नका. विधवांच्या फंडासाठी शंभरामागे दोन खोटे खलाशी पटावर चढवलेले असत. सरकारी कागदावर भुताचा पगार, तोही कायदेशीर!

हे लॉग बहुतेक स्कॅन झालेले नाहीत. लंडनला कुणी नातलग असेल तर त्यांना वाचक-कार्ड काढायला सांगा. ते फुकट मिळतं आणि मोबाइलने फोटो काढता येतात. नाहीतर पैसे भरून प्रती मागवायच्या. तेव्हा अख्खा लॉग मागू नका, फेब्रुवारी १७५६ तेवढा मागा.