जुन्या कॅम्परची सीट हलतेय? पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

कॅम्परची, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीची, सीट डुगडुगायला लागली की हात आधी पान्याकडेच जातो. दिसेल तो बोल्ट आवळायचा. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा खडखड सुरू. माझ्या गाडीत चारही बोल्ट कडक होते. झिजला होता तो फिरत्या तळातला, म्हणजे सीट गोल फिरवणाऱ्या बैठकीतला, प्लॅस्टिकचा बुश (सांध्यातली कडी). आवळून आवळून एका बोल्टचे आटे मात्र घालवून बसलो.

म्हणून आधी प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, शोधा. एकाने पाठ धरून सीट पुढेमागे हलवायची, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, अर्धं या भागावर, अर्धं त्या. जिथे बोटाखाली दोन भाग वेगवेगळे सरकतात तिथेच दुखणं. खालून वर जा: जमिनीचा पत्रा, तळ, फिरती चकती, रेल (ज्यावर सीट पुढेमागे सरकते ती पट्टी), शेवटी पाठीचा सांधा. कॅम्परमध्ये फिरता तळ बरेचदा नंतर बसवलेला असतो, त्यामुळे सांधे जास्त आणि आवाजही फसवा.

सीट उचलण्याआधी बॅटरी काढा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विसरते ती दुसरी, घरगुती वापराची बॅटरी. ती कित्येकदा सीटखालीच असते आणि इंजिनाची बॅटरी काढली तरी तिच्या तारा जिवंतच राहतात. सीटमध्ये एअरबॅग किंवा बेल्ट ताणणारं यंत्र असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेली वेळ थांबल्याशिवाय खालच्या जोडण्यांना हात लावू नका.

आता बोल्ट. ‘गंजत नाही’ म्हणून स्टेनलेसचा बोल्ट टाकायचा मोह फार जणांना होतो. डोक्यावर ८.८ हा ताकदीचा दर्जा लिहिलेला पोलादी बोल्ट साधारण ६४० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा लांबत नाही. नेहमीचा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस ४५० लाच लांबायला लागतो. मूळ बोल्टवर १०.९ असेल तर तोच दर्जा परत घाला. नायलॉनची कडी असलेले नट पुन्हा वापरू नका. आट्यांना तेल लावून टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) चालवलात, तर आकडा तोच दिसतो पण बोल्ट जास्त ताणला जातो.

बेल्टचं बक्कल सीटलाच असेल तर हे सगळं दुप्पट महत्त्वाचं, कारण धडकेच्या वेळी माणसाचा भार रेलमधून थेट जमिनीच्या पत्र्यावर येतो. कार्पेट उचला, बोल्टभोवती स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक आत गेलं तर पत्रा कुजलाय. मोठं वॉशर घालून तो झाकू नका. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल आणि ते काम जाणत्या वेल्डरचं. नवं भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा. तिथे ब्रेकची नळी किंवा इंधनाची टाकी असू शकते.

रेल अडकते म्हणून वरून ग्रीस थापणं ही माझी लाडकी चूक. ग्रीस आणि माती मिळून जी पेस्ट होते ती कानशीसारखी रेल खाते. आधी जुनं सगळं पुसून काढा, मग सरकपट्टीवर पातळ थर द्या. बस.

जोडताना दोन्ही रेल समान खाचेत आहेत ना, ते बघा. एक रेल एका खाचेने पुढे राहिली की सीट तिरकी बसते, ओढताना कुरकुरते आणि लॉक एकाच बाजूचं लागतं. वरून कळत नाही. सीट सरकवायची दांडी सोडल्यावर ‘खट्’ असा आवाज दोन्हीकडून यायला हवा. बोल्ट चारही आधी बोटांनी लावा. मग सीट पुढे सरकवून मागचे दोन आवळा, मागे नेऊन पुढचे दोन. एकच कोपरा आधी घट्ट केलात तर उरलेली भोकं जुळता जुळत नाहीत, आणि मग हातोडा निघतो.

फिरती सीट असेल तर पूर्ण फिरवून खालच्या तारांकडे नजर ठेवा; चिमटीत सापडलेली तार आज चालते आणि पुढे कधीतरी घासून शॉर्ट होते.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या लांबच्या फेरीनंतर टॉर्च घेऊन वाका. रेघ तुटलेली दिसली, तर तो बोल्ट फिरलाय.