नवीन व्हीआर हेडसेट घेतलाय? पहिल्या आठवड्यात या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

मावसभाऊ डिसेंबरात अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्याकडून मेटा क्वेस्ट ३ (डोळ्यांवर चढवला की चहूबाजूंनी वेगळंच जग दाखवणारा व्हीआर हेडसेट) मागवला, आणि पहिल्याच संध्याकाळी तासाभरात माझं मत ठरून पण गेलं. चित्र धुरकट, गाल दुखतायत, पोटात ढवळतंय, पैसे पाण्यात. चार दिवस बॉक्स कपाटावर पडून होता. मग एका रविवारी शांतपणे बसून बघितलं तर लक्षात आलं की जवळपास सगळा घोळ मीच घातलेला होता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो घालायची पद्धत. आपण काय करतो, पोहायच्या गॉगलसारखा पुढून डोळ्यांवर दाबतो आणि पट्टा करकचून आवळतो, मग ते ५१५ ग्रॅमचं सगळं ओझं गालांवर येतं आणि अर्ध्या तासात कपाळावर लाल वळ उठतात. खरं म्हणजे मागचा पट्टा डोक्याच्या मागे जो फुगवटा असतो ना, त्याच्या खाली, मानेच्या जरा वर बसायला हवा, आणि वजन वरच्या पट्ट्याने उचलायला हवं. सगळे पट्टे सैल करा, हेडसेट चेहऱ्यावर ठेवा, मागचा पट्टा खाली ओढून बसवा आणि मग वरचा हळूहळू घट्ट करा. आता गेम लावू नका!! मेनूतली बारीक अक्षरं वाचा आणि हेडसेट अगदी किंचित वर-खाली सरकवत बघा, एका जागी ती एकदम ठळक होतात. ती तुमची जागा.

तरी धुरकट दिसतंय? मग खालच्या बाजूचं छोटं चाक फिरवा. त्याने दोन लेन्समधलं अंतर ५८ ते ७१ मिलिमीटरपर्यंत बदलतं आणि ते तुमच्या दोन बुबुळांमधल्या अंतराशी जुळायला हवं. माझं ६७ आहे आणि मी पहिले चार दिवस ६३ वर बघत होतो, डोकं दुखणार नाही तर काय. चष्म्याच्या दुकानात सांगितलं तर दोन मिनिटांत मोजून देतात. स्वस्तातला क्वेस्ट ३एस घेतला असेल तर त्याला चाक नाहीये, लेन्स हातानेच सरकवायच्या, आणि जागा तीनच, ५८, ६३ आणि ६८. चष्मेवाल्यांनी अजून एक बघा, क्वेस्ट ३ची चेहऱ्याला टेकणारी ती मऊ चौकट बाहेरच्या बाजूला ओढता येते, तेवढी जागा करा नाहीतर चष्म्याची काच लेन्सवर घासून चरे पडतात, आणि ते काही पुसून जात नाहीत.

आता मळमळ. भाच्याने पहिल्याच दिवशी रोलर कोस्टर लावून दिला, वर ‘मामा, खुर्ची नको, उभं राहून बघ’. डोळे सांगतायत आपण खाली कोसळतोय, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतोय की आपण हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभे आहोत, या भांडणात मेंदू गोंधळतो आणि पोट त्याची किंमत मोजतं. आई म्हणाली, “तोंड बघ कसं उतरलंय, लिंबू सरबत देऊ का?” आणि मी शहाण्यासारखा म्हणालो की होईल सवय, अजून पाच मिनिटं. ही ‘अजून पाच मिनिटं’ सगळ्यात वाईट. जबरदस्तीने सवय होत नाही, उलट दुसऱ्या दिवशी हेडसेट हातात घेतला तरी नकोसं वाटतं. अंग गरम झालं, घाम फुटला की लगेच काढा. पहिला आठवडा अशा गेम खेळा जिथे तुम्ही हलता तेवढंच जग हलतं, गाण्याच्या तालावर ठोकळे कापायचा बीट सेबर उत्तम. मग टेलिपोर्टने (जागा दाखवायची की थेट तिथे पोचायचं) फिरायच्या, आणि हातातल्या कंट्रोलरची काडी ढकलून पळायच्या गेम सगळ्यात शेवटी. गेमच्या सेटिंगमध्ये स्नॅप टर्न, म्हणजे हळूहळू न वळता झटक्यात ठरावीक कोनात वळणं, चालू ठेवा. समोर टेबल फॅन लावा, हवा पण लागते आणि आपलं तोंड कुठे आहे ते पण कळत राहतं.

टेबल फॅनच. छताचा बंद! खेळायला साधारण २ बाय २ मीटर मोकळी जागा लागते आणि हेडसेट तुम्हाला जमिनीवर हद्द आखून देतो, पण डोक्यावरचा पंखा त्या हद्दीत येत नाही. माझा कंट्रोलर पात्याला लागला, नशीब पंखा एकवर होता. मनगटाची दोरी घालायला लाज वाटून घेऊ नका, टीव्ही त्याहून महाग असतो.

गेममध्ये दिसणारा कंट्रोलर तुमचा हात सोडून हवेत भरकटत असेल तर खोलीकडे बघा. पूर्ण अंधार नको, समोर कपाटाचा मोठा आरसा असेल तर चादर टाका, आणि गणपती-दिवाळीची बारीक दिव्यांची माळ चालू असेल तर ती काढा, कंट्रोलर कुठे आहे ते बघणारे हेडसेटचे कॅमेरे त्या ठिपक्यांना फसतात. सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी म्हणून एक पर्याय आहे (कॅमेऱ्यांना घरातल्या दिव्यांच्या न दिसणाऱ्या लुकलुकीशी जुळवणारा), तो ६० हर्ट्झवर असेल तर ५० किंवा ऑटो करा, आपली वीज ५० हर्ट्झची.

ऊन मात्र गंमत नाही. खिडकीत लेन्स वर करून ठेवला तर त्या लेन्स भिंगाचं काम करतात आणि आतला डिस्प्ले जळतो, कायमचा. गच्चीवर, गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात नाही. लेन्स पुसायला कोरडं मायक्रोफायबर, सॅनिटायझर नाही, शर्टाचं टोक तर नाहीच.

पीसीवरून वायरलेस खेळताना अडकत असेल तर इंटरनेटचा प्लॅन वाढवून काही होणार नाही (मी वाढवला होता, असो). चित्र पीसीकडून राउटरकडे आणि तिथून हेडसेटकडे जातं, बाहेर कुठे जातच नाही. म्हणून पीसी राउटरला लॅन केबलने जोडा, हेडसेट वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि राउटर त्याच खोलीत आणा.

गेम एकदम दहा घेऊ नका. मेटाच्या ऑनलाइन दुकानात काय किंवा स्टीमवर (पीसीच्या गेमचं ऑनलाइन दुकान) काय, साधारणपणे १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, म्हणजे मळमळायला लागलं की तिथेच थांबण्याचं अजून एक कारण.

हेडसेटची बॅटरी दोन-सव्वादोन तास जाते, ती लक्षात राहते. कंट्रोलरचं राहत नाही. त्यात एकेक साधा एए सेल असतो आणि तो नेमका रात्री, दुकानं बंद झाल्यावर संपतो. आमच्या हॉलमधलं घड्याळ तीन दिवस झाले सव्वाअकरावर उभं आहे.