पौंड, नायरा आणि घरून येणारे फोन

इंग्लंडला शिकायला निघालेल्या मराठी पोरांना सल्ला द्यायला सगळे टपलेले असतात. कुकर आण, जॅकेट तिकडेच घे, भाकरीचा तवा विसरू नकोस. पण महिन्याला घरी किती पाठवायचे, नाही कसं म्हणायचं, तिकडच्या निवडणुकीवर इकडून बोलावं का, हे कोणी सांगत नाही. हे सगळं मला नायजेरियन लोकांकडून कळलं. सप्टेंबर २०२२ मध्ये मी मिरजेहून लीड्सला एमएस्सीसाठी आले. ज्या घरात खोली मिळाली तिथले बाकीचे तिघं नायजेरियन होते. केअर होममध्ये, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेत, पार्ट टाइम काम धरलं, तिथल्या रात्रपाळीतही तेच जास्त. शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा व्हिसा जुलै २०२१ पासून पुन्हा सुरू झाला होता आणि फेब्रुवारी २०२२ पासून केअर वर्करचा व्हिसाही खुला झाला होता. त्यामुळे त्या काळात येणाऱ्यांत भारतीय आणि नायजेरियन दोघांचीही रीघ होती. देश सोडून निघण्याला ते ‘जापा’ म्हणतात. कोणी जापा केला, कोण करणार, कोणाचा फसला, यावर तासन्‌तास गप्पा चालतात.

आमच्या घरात एक इबादानचे, माझ्याहून वयाने बरेच मोठे, बँकेतली नोकरी सोडून आलेले. मी त्यांना अंकल म्हणायचे, कारण सगळेच म्हणायचे. एक ओनित्शाचा, इग्बो जमातीचा मुलगा, आणि एक बेनिन सिटीची नर्स. तिला ‘सिस्टर’ म्हणायचं, नावाने हाक मारली तर तिला चालायचं नाही. (माझा घरचा कांदा-लसूण मसाला तिने चमच्याने चाखला आणि ‘छान आहे, पण तिखट कुठंय?’ असं विचारलं. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.)

आधी पैशाचं सांगते, कारण सगळ्यांत मोठा धडा तिथे आहे.

२९ मे २०२३ ला बोला टिनुबू राष्ट्राध्यक्ष झाले. शपथविधीच्या भाषणातच त्यांनी पेट्रोलवरचं अनुदान संपल्याचं जाहीर केलं. लिटरला दोनशे नायराच्या (नायरा हे तिथलं चलन) आत असलेलं पेट्रोल काही दिवसांत पाचशेच्या आसपास गेलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या मध्यवर्ती बँकेने नायराचा भाव बाजारावर सोडला. तोवर तिथे चलनाचे दोन भाव होते. सरकारी भाव स्वस्त, पण त्या भावाने पौंड मिळायला वशिला लागायचा किंवा महिनोन्‌महिने थांबावं लागायचं. बाजारातला भाव महाग, पण तिथे लगेच मिळायचे. २०२३ च्या सुरुवातीला सरकारी भावाने पौंड ५६०-५७० नायराला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो १,९०० च्या आसपास गेला.

याचा अर्थ फीच्या हप्त्याशी लावून बघा. अर्धी फी भरून आलेल्या मुलाचा उरलेला हप्ता पौंडात तेवढाच राहिला, पण घरच्यांना त्यासाठी तिप्पट नायरा जमवावे लागणार होते. गाडी विकून, जमीन विकून ठेवलेली रक्कम बँकेत पडल्या पडल्या वितळली. उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने हप्ते थकलेल्या नायजेरियन विद्यार्थ्यांची नावं कमी केली, ती बातमी २०२४ मध्ये गाजली. नाव कमी झालं की व्हिसाही जातो. शिक्षण संपत आलेल्यांनाही देश सोडायला सांगितलं गेलं.

आमचे अंकल तरले, कारण बँकेत काम केलेला माणूस. निघण्याआधीच त्यांनी बाजारभावाने, म्हणजे त्या वेळी सगळ्यांना वेडेपणा वाटेल अशा महाग दराने, वर्षभराची फी पौंडात करून घेतली होती. ‘सरकारी भाव हा भाव नसतो, ती मेहेरबानी असते,’ असं ते म्हणायचे.

आपला रुपया असा कोसळत नाही, हे खरं. पण मी आले तेव्हा पौंड नव्वदच्या आसपास होता आणि २०२५ मध्ये ११५ च्या वर गेला. शैक्षणिक कर्ज रुपयांत मंजूर होतं आणि हप्त्याहप्त्याने सुटतं. दुसऱ्या वर्षाची किंवा दुसऱ्या सत्राची फी आजच्या भावाने धरू नका, दहा-पंधरा टक्के जास्तच धरा. आणि ‘दाखवायचे पैसे’ म्हणजे व्हिसासाठी २८ दिवस खात्यात ठेवायची रक्कम. ती मामाकडून उसनी घेऊन एकोणतिसाव्या दिवशी परत केली, की तुम्ही इथे उतरता ते रिकाम्या खिशाने. हे नायजेरियातही सर्रास चालतं आणि आपल्याकडेही. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, सगळ्या नोकऱ्या मिळून वीस. त्यात भाडं आणि जेवण निघतं. फी निघत नाही. कोणी काहीही सांगो.

आता घरून येणारे फोन.

नायजेरियात परदेशातून येणारा पैसा वर्षाला सुमारे २० अब्ज डॉलर आहे. पण आकड्यापेक्षा सिस्टरची वही जास्त शिकवते. पगार झाला की ठरलेली रक्कम आईला. धाकट्या भावाची फी ती थेट कॉलेजच्या खात्यात भरते, भावाच्या हातात नाही. कोणी आजारी म्हणालं तर दवाखान्याचं बिल मागते आणि दवाखान्यालाच पैसे पाठवते. बाकी सगळ्यांना, मावसभावापासून चर्चमधल्या ओळखीच्यांपर्यंत, एकच उत्तर: ‘या महिन्यात नाही.’ सबब नाही, माफी नाही. मी हे ऐकून थक्क झाले होते. आपल्याकडे नाही म्हणायला आधी दहा मिनिटं प्रस्तावना लागते आणि शेवटी पैसे जातातच.

नायरा पडल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. शंभर पौंडांचे एकदम दोन लाख नायरा व्हायला लागले, म्हणून घरच्यांना वाटलं पोरगी श्रीमंत झाली. पण २०२४ च्या जूनमध्ये तिथली अन्नधान्याची महागाई ४० टक्क्यांच्या वर होती. दोन लाख दिसायला मोठे, बाजारात लहान. म्हणून मागणी पौंडात कमी झालीच नाही. आणि इकडे वीजबिल, भाडं, दर वर्षाचा व्हिसावरचा आरोग्य अधिभार. फोनवर कोणी कोणाला खरं सांगायचं, हाच प्रश्न. सिस्टर सांगते. तिने आईला पगाराची पावती पाठवली आणि व्हिडिओ कॉलवर करापासून भाड्यापर्यंत एकेक ओळ वाचून दाखवली. मला विचाराल तर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या पगाराला हे करावं. पेढ्यांचे पैसे पाठवण्याआधी.

घर बांधण्याचं वेड दोन्हीकडे सारखं. गावाकडे बंगला झाल्याशिवाय परदेश सार्थकी लागत नाही. नायजेरियन लोकांत तर भावाकडे पैसे पाठवले, फोटो येत राहिले, आणि प्रत्यक्ष जाऊन बघितलं तर फोटोतली भिंत दुसऱ्याच्या प्लॉटवरची, ही कथा इतक्या जणांकडून ऐकली की आता ऐकणारे वाक्य पूर्ण व्हायच्या आत हसतात. लेगोसकडे जमीन घेतली तरी ‘ओमो ओनिले’, म्हणजे मूळ जमीनवाल्यांची पोरं, पाया खणताना येऊन पुन्हा पैसे मागतात. शहाणे लोक म्हणून पहिली चार-पाच वर्षं तिकडे वीटही लावत नाहीत. आधी इथला व्हिसा पक्का, मग घर.

व्हिसाच्या त्या फिया भरायला त्यांच्याकडे ‘आजो’ असते. म्हणजे आपली भिशी. अगदी तीच: दहा-बारा जण, महिन्याला ठरलेली रक्कम, दर महिन्याला एकाचा नंबर. फरक एवढाच, की आपल्या भिशीतून साडी, सोनं किंवा कोकणची ट्रिप निघते आणि इथल्या आजोतून व्हिसा निघतो. कायमच्या वास्तव्याच्या एका अर्जालाच तीन हजार पौंडांच्या वर लागतात, आणि नवरा-बायको-मुलं असली की गुणाकार करा. ज्याच्या व्हिसाची तारीख जवळ त्याला आधीचा नंबर मिळतो, हा आमच्या केअर होममधल्या आजोचा नियम मला फार आवडला. पण यात लेखी काही नसतं आणि पैसे बुडाले तर बँकेसारखं कुठलं संरक्षणही नाही. चालवणारी बाई तुमच्याच पाळीत काम करत असेल आणि तिचं घर तुम्हाला माहीत असेल तरच पडा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अनोळखी आजोत अजिबात नाही.

खात्याविषयी एक गोष्ट, थोडक्यात. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, पन्नास पौंड तुझे,’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. अशा खात्यावर फसवणुकीची जी खूण लागते ती सहा वर्षं राहते आणि दुसरी बँक दारात उभं करत नाही. नायजेरियन लोकांकडे आधीच संशयाने बघतात, त्यामुळे ते याबाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी सावध असतात. नोकरीच्या स्पॉन्सरशिपचंही तसंच. एजंटाला लाखो रुपये किंवा नायरा देऊन आलेले कामगार दोन्ही देशांचे आहेत. मालकाचा परदेशी कामगार ठेवायचा परवाना रद्द झाला की नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला हातात साधारण ६० दिवस. परवानाधारक मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहे, पैसे देण्याआधी तिथे नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. केअर वर्करसाठी परदेशातून भरती तर जुलै २०२५ पासून बंदच झाली आहे. तरी सांगली-मिरजेत अजून कोणी ती विकत असेल तर आश्चर्य वाटायला नको.

राजकारण. २५ फेब्रुवारी २०२३ ला तिकडे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि आमच्या स्वयंपाकघरात दोन पक्ष. ओनित्शाचा मुलगा आणि सिस्टर, दोघं पीटर ओबींच्या बाजूचे. ओबी त्याच्या अनांब्रा राज्याचे माजी गव्हर्नर. अंकल टिनुबूंचे. मतदान मात्र तिघांपैकी एकालाही करता येत नव्हतं, कारण परदेशातल्या नायजेरियनांना तिथे मताची सोयच नाही. मग ते काय करत होते? आईला, काकूला, जुन्या शेजाऱ्याला फोन. मतदान केंद्रापर्यंत रिक्षाचे पैसे. पहाटेपर्यंत निकालाच्या संकेतस्थळावर डोळे. केंद्रावरचे निकाल तिथे लगेच दिसतील असं आयोगाने सांगितलं होतं, ते दिसेनात, आणि घरात संतापाचा कडेलोट झाला. टिनुबू ३७ टक्के मतांवर जिंकले. नोंदलेल्या मतदारांपैकी जेमतेम २७ टक्क्यांनी मतदान केलं होतं.

ओनित्शाच्या मुलाचं म्हणणं, देश आमच्या पैशावर चालतो आणि मतपेटीजवळ आम्हालाच जागा नाही. त्याच्या लेगोसमधल्या बहिणीचं म्हणणं स्पीकर फोनवर सगळ्यांनी ऐकलं: तू हीटर लावून बसून आम्हाला क्रांती शिकवू नकोस, गारीचा (कसाव्याच्या रव्याचा) भाव मला विचार. मला बहिणीचं जास्त पटलं. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसांच्या ‘सार्स’ या दरोडाविरोधी पथकाच्या अत्याचारांविरुद्ध आंदोलन झालं तेव्हा परदेशातून पैसा गेला, लंडनमध्ये निदर्शनं झाली, पण लेगोसमधल्या लेक्की टोल नाक्यावर गोळीबारासमोर तिथेच राहणारी पोरं उभी होती.

अंकलांचं मात्र कौतुक वाटतं. ज्या माणसाला पाठिंबा दिला त्याच्याच धोरणाने त्यांची तिकडे राहिलेली बाकीची बचत धुतली गेली, तरी ते म्हणायचे, दोन भाव ही चोरी होती, वशिल्याचे लोक स्वस्तात डॉलर उचलून महाग विकायचे, ती बंद व्हायलाच हवी होती. मग ओनित्शाचा मुलगा विचारायचा, मग तुमचा टिनुबू स्वतः लष्करी हुकूमशहा अबाचाच्या काळात परदेशात पळून राहिलेला, त्याने तरी आम्हाला मताचा हक्क का दिला नाही? यावर अंकल भांडी घासायला उठायचे.

आपलं काय? परदेशी राहणारा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतो, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर स्वतः जावं लागतं. म्हणजे जवळपास कोणीच देत नाही. पण फार थोड्या नवख्यांना माहीत असलेली गोष्ट अशी, की भारत आणि नायजेरिया दोन्ही राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणारे दोन्हीकडचे लोक, विद्यार्थीसुद्धा, ब्रिटनच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. नगरपालिकेपासून संसदेपर्यंत. खोली मिळाली की मतदार नोंदणी करा. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. शिवाय यादीत नाव असलं की पत्ता सिद्ध होतो आणि फोनचा करार, पुढे कर्ज, सोपं जातं. मला हे सिस्टरने सांगितलं, विद्यापीठाने नाही. मत कोणाला द्यायचं यावर नायजेरियन लोकांचं एकमत असेल असं समजू नका. नायजेरियातल्या योरुबा जमातीच्या घरातल्या केमी बेडनॉक हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या आणि नायजेरियाविषयी कडवट बोलल्या, तेव्हा केअर होममध्ये अर्धे जण संतापले होते आणि उरलेले म्हणत होते, खोटं काय बोलली?

शेवटची एक गोष्ट, जिथे त्यांचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. नायजेरियन लोक तुम्हाला सांगतील, मुदत भरली की ब्रिटिश पासपोर्ट घेऊन मोकळी हो. त्यांचं बरोबर आहे, कारण जन्माने नायजेरियन असलेल्याला तो घेऊनही आपलं नागरिकत्व ठेवता येतं. आपल्याला ठेवता येत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळतं. त्यावर येता-जाता येतं, मत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली चालते. आमच्याकडे उसाचं रान अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यामुळे या वर्षी सुट्टीला गेले की पासपोर्टच्या आधी तलाठ्याकडे जायचं आहे.