रीसेल फ्लॅटसाठी पहिलं गृहकर्ज: टोकन देण्याआधी काय तयार ठेवायचं

पॅन, आधार, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, रिटर्न, बँक स्टेटमेंट. एकदा स्कॅन करून ठेवा आणि पुढे चला. सिबिल, म्हणजे तुम्ही आधीची कर्जं कशी फेडली त्याचा अहवाल, मात्र बँकेच्या आधी स्वतः बघा. असे अहवाल ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोला वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावाच लागतो. फेडलेलं टू-व्हीलर लोन अजून बाकी दिसतंय, असल्या चुका दुरुस्त व्हायला आठवडे जातात. तोवर अर्ज करू नका, आणि एकदम पाच बँकांत तर मुळीच नको. प्रत्येक चौकशी अहवालात उमटते.

पैशाचं गणित कागदावर मांडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के मिळतात, 75 लाखांपर्यंत 80 टक्के, त्यापुढे 75. घर 10 लाखांच्या वरचं असेल तर या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरत नाहीत. म्हणजे 60 लाखांच्या फ्लॅटला तुमचे 12 लाख, आणि 6 टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे 3 लाख 60 हजार वेगळे. पुण्यात, ठाण्यात 7 टक्के लागतात; घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात 1 टक्का सूट आहे. बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं तर फरकही तुम्हीच भरायचा. तेवढी गाठ बांधून ठेवा.

आता खरी गोष्ट: मूळ करारनाम्यांची साखळी. बिल्डरने पहिल्या मालकाला विकलं तो करारनामा, पहिल्याने दुसऱ्याला विकलं तो, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे थेट तुमच्या विक्रेत्यापर्यंत सगळे. सगळे मूळ, नोंदणीच्या पावतीसकट. झेरॉक्स नाही. इथेच घोडं पेंड खातं. माझं टोकन, म्हणजे विक्रेत्याला द्यायची आगाऊ रक्कम, गेलेलं होतं, सँक्शन लेटर (कर्ज मंजुरीचं पत्र) हातात होतं, आणि मधल्या मालकाचा करारनामा कोणाकडेच नव्हता. विक्रेता म्हणेल, "सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे ना, बास झालं." बास होत नाही. शेअर सर्टिफिकेट करारनाम्याची जागा घेत नाही. एजंट म्हणेल, बँकेचे वकील बघतील. बघतात, पण तुम्ही टोकन दिल्यानंतर, आणि तेव्हा अडकलेला पैसा तुमचा असतो.

म्हणून टोकनच्या आधी विक्रेत्याच्या घरी बसून फाइल उघडा आणि प्रत्येक करारनामा हातात घेऊन बघा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) काढून नावं जुळवा. मधला एखादा मालक वारला असेल तर वारसांचे कागद आणि हक्कसोडपत्र मागा. मूळ करारनामा हरवलाय असं कळलं तर पोलिसांत हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, हे सगळं विक्रेत्याने करायचं, आणि तेही टोकनच्या आधी. एवढं करूनही ते मान्य करायचं की नाही हे बँक ठरवते, तेव्हा तिला आधीच विचारून घ्या. विक्रेत्यावर कर्ज असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतील. तिथून कागदांची यादी आणि थकबाकीचं पत्र लेखी घ्या. यादीत साखळी पूर्ण आहे का, पुन्हा बघा. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, 1 डिसेंबर 2023 पासून. उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. पण मुळात जे कागद तिथे जमाच नव्हते, ते कुठून परत मिळणार?

सँक्शन लेटर आलं की लोक पेढे वाटतात. ते तुमच्या पगारावर मिळालेलं असतं. फ्लॅटची छाननी अजून व्हायची असते. साखळी तुटलेली असली तर त्या पत्राचा काही उपयोग नाही.

व्याजदराची जाहिरात बघून भुलू नका. बँकेच्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, कर्जाचा दर ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) बाह्य दराला जोडावा लागतो. वर बँक किती टक्के लावते आणि दर किती महिन्यांनी बदलतो ते विचारा. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ही जोडणी सक्तीची नाही. फ्लोटिंग दराचं वैयक्तिक गृहकर्ज लवकर फेडलं तर दंड नाही. सगळे खर्च दाखवणारं की फॅक्ट स्टेटमेंट मागून घ्या आणि खरंच वाचा. कर्जासोबत विमा घ्यावाच लागेल असं सांगितलं तर ते लेखी मागा.

टोकन पावती साध्या कागदावर असली तरी चालेल, पण कागदांत दोष निघून कर्ज नाकारलं गेलं तर पूर्ण रक्कम परत, हे वाक्य त्यात हवंच. वाक्य नसेल तर पैसे देऊ नका.

पुढचं भराभर. सोसायटीची एनओसी, भोगवटा प्रमाणपत्र, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं पत्र. व्यवहार 50 लाखांचा किंवा वरचा असेल तर विक्रेत्याच्या पैशातून 1 टक्का टीडीएस (आयकर) तुम्ही कापून भरायचा. गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (फ्लॅट बँकेकडे गहाण ठेवल्याची नोंदणी कार्यालयाला सूचना) 30 दिवसांत. चेक देताना बँक मूळ कागद ठेवून घेईल. त्याआधी सगळे स्कॅन करा आणि जमा केलेल्या कागदांची सही-शिक्क्याची यादी घ्या. त्या यादीत प्रत्येक करारनामा तारखेसकट आहे का, तिथेच उभं राहून मोजा.