रोझा वन फॉन्ट टायटलला कसा वापरायचा

पोस्टरचं टायटल लांबून वाचता यावं आणि दिसायलाही भारदस्त असावं असं वाटत असेल तर रोझा वन एकदा लावून बघाच. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट आहे, गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, छापील आणि धंद्याच्या कामालाही चालतो, आणि देवनागरी-इंग्रजी दोन्ही त्यातच असल्यामुळे मराठी नावाशेजारी इंग्रजी नाव उपरं वाटत नाही.

याचा सगळा जीव जाड-बारीक रेषांच्या फरकात आहे. इंग्रजी अक्षरं १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी निघालेल्या फॅट फेस या जाड्या अक्षरांच्या वळणाची, म्हणजे उभे दांडे एकदम दणकट आणि टोकाच्या सेरिफ (दांड्याच्या टोकाला असणाऱ्या छोट्या रेषा) केसासारख्या. देवनागरीला सेरिफ नसते, पण जाड दांडा आणि त्याला लागलेली बारीक रेषा यातून तोच रुबाब येतो, आणि ही बारीक रेषा सांभाळली की अर्धं काम झालं.

म्हणून पहिली गोष्ट साइज, मी ३६ पॉइंटच्या खाली जात नाही. एकदा बारशाच्या पत्रिकेत मरून पट्ट्यावर पांढरी अक्षरं केली आणि पत्ताही याच फॉन्टमध्ये ११ पॉइंटला टाकला, स्क्रीनवर झकास दिसत होतं पण छापून आलं तेव्हा शाई पसरून बारीक रेषा बुजलेल्या, पत्ता वाचताच येईना, फार वाईट वाटलं. तेव्हापासून टायटल तीन-चार शब्दांचं रोझामध्ये आणि बाकी तारीख, वेळ, पत्ता सगळं मुक्त नावाच्या दुसऱ्या फॉन्टमध्ये, त्यात सात वजनं म्हणजे जाडीचे प्रकार आहेत.

बोल्डचं बटण दाबू नका, रोझाला एकच वजन आहे, सॉफ्टवेअर नुसतं अक्षर फुगवतं आणि बारीक रेषांची मजा जाते. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्यच ठेवा, इंग्रजीसारखं वाढवलं तर 'महोत्सव'ची शिरोरेषा मध्येच तुटते. दोन ओळी असतील तर लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, डोळ्याने बघून लावा, वर 'पूर्व' आणि खाली 'कीर्ती' आलं की वरचा ऊकार खालच्या वेलांटी-रफारावर आदळतो, अशा वेळी मी ओळ दुसरीकडे तोडतो.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर हे सेटिंग चालू करा, नाहीतर पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटतात. मग 'दुसऱ्या', 'लाल', 'शहर' टाइप करून ऱ्या, ल आणि श आपल्याला हवे तसे, म्हणजे मराठी वळणाचे, येतात का बघा.

प्रेसला देताना टेक्स्टचे कर्व्ज करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून द्या कारण त्यांच्याकडे फॉन्ट असेलच असं नाही, पण कर्व्ज न केलेली कॉपी जपून ठेवा, ऱ्हस्व-दीर्घाची दुरुस्ती हमखास शेवटच्या दिवशी येते.