रीफ टँकसाठी मासे आणि क्लीनअप क्रू निवडताय? या चुका टाळा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, मासा मेला की आपण आधी पाणी तपासतो, आणि तपासायलाच हवं. पण अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारटपणा 1.025 (विशिष्ट गुरुत्व), आणि तरीही दोन महिन्यांत वाळूवर गोगलगायींचे रिकामे शंख दिसू लागतात, मँडरिन माशाचं पोट खपाटीला जातं, तेव्हा चूक पाण्यात सापडत नाही. ती खरेदीच्या दिवशीच झालेली असते. दुकानात किंमत, आकार, स्वभाव सगळं विचारलं जातं. राहून जातो तो एकच प्रश्न: हा जीव सहा महिन्यांनी माझ्या टँकमध्ये काय खाणार? खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आकडे नेमके राहावेत म्हणून इथे तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक धरला आहे. कागदावर तो 190 लिटरचा, पण दगड आणि वाळू टाकल्यावर खरं पाणी उरतं साधारण 150 लिटर. मासे आणि गोगलगायी मोजायच्या त्या 150 वर.

ओहोटीला खडपातून जीव उचलून आणणे

रत्नागिरी, वेंगुर्ला, मालवणकडच्या लोकांना हा मोह सगळ्यात जास्त. उधाणाच्या ओहोटीला खडप उघडं पडतं, डबक्यांत छोटे मासे, खेकडे, शंख फिरताना दिसतात, आणि फुकटात क्लीनअप क्रू (शेवाळ आणि उरलेलं खाऊन टँक साफ ठेवणाऱ्या गोगलगायी, खेकडे वगैरे) मिळाला असं वाटतं.

अंगठ्याएवढं गोब्र्याचं पिल्लू दिसायला गोंडस असतं, पण तोंडात मावेल ते गिळत वाढणारा हा मासा आहे. तांबोशीच्या पिल्लाचंही तेच. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सार्जंट मेजर डबक्यात शहाणा दिसतो, तीन फुटांच्या टँकमध्ये मात्र बाकीच्यांना कोपऱ्यात दाबतो. डबक्यातले फुलपाखरी मासे बहुतेक कोरलचे पॉलिप टोचून खातात. केंड तर गोगलगायी, कोळंबी, हर्मिट (शंखात राहणारे खेकडे), सगळं फोडून खातो.

शंखांचं प्रकरण जास्त फसवं. खडपावर गोल, काळसर नेराइट गोगलगायी भरपूर असतात आणि त्या शेवाळ खातातही. पण त्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या. टँकमध्ये त्या पाण्याच्या वर चढतात आणि झाकण नसेल तर सकाळी टँकमागे जमिनीवर वाळलेल्या सापडतात. काटेरी म्युरेक्स जातीचे शंख दुसऱ्या शंखांना भोक पाडून आतला जीव खातात. आणि आइस्क्रीमच्या कोनासारखा नक्षीदार शंख जिवंत असेल तर हातात घेऊच नका. कोन स्नेल विषारी दात मारतो, आणि त्याच्या काही जातींचा दंश माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

शिवाय कायदा आहे. कठीण कोरल, समुद्री घोडे, समुद्र काकड्या हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली संरक्षित आहेत. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' म्हणजे बहुतेक वेळा कोरलचाच तुकडा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून जाहीर आहे, तिथे उचलाउचलीचा प्रश्नच येत नाही. टँकसाठी सिरॅमिक किंवा सुका कृत्रिम दगड वापरा. चार-सहा आठवड्यांत त्यावर बॅक्टेरिया बसतातच.

जाता जाता: पाणीही किनाऱ्यावरून आणू नका, निदान जून ते सप्टेंबर तर नाहीच. खाड्यांचं गढूळ गोडं पाणी मिसळल्यावर खारटपणा रोज वेगळा असतो. आरओ-डीआय फिल्टरने शुद्ध केलेलं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, आणि त्यात रीफ सॉल्ट. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थेट वापरलं तर त्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर शेवाळ माजतं, मग क्लीनअप क्रू कितीही आणला तरी पुरत नाही.

'चार लिटरला एक गोगलगाय' हे गणित

हा हिशोब विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. 150 लिटरला तो 37 गोगलगायी सांगतो. नव्या टँकमध्ये तेवढं शेवाळ नसतं. पहिल्या तीन आठवड्यांत त्या काच चकचकीत करतात, आपण खूश होतो, आणि मग त्या उपाशी मरतात. एक मोठी टर्बो गोगलगाय दगडामागे सडली तरी लहान टँकमध्ये अमोनिया वर जातो.

सुरुवात अशी करा. सायकल (अमोनिया-नायट्राइट मोडणारे बॅक्टेरिया टँकमध्ये बसणं) पूर्ण झाल्यावर वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर येतो, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. तो दिसेपर्यंत काहीही आणू नका. दिसला की 4 ट्रोकस आणि 5 सेरिथ गोगलगायी. मासे आल्यावर आणि खाऊ पडू लागल्यावर 4 नॅसारियस गोगलगायी. महिनाभर थांबा. काचेवर दोन दिवसांत परत हिरवा थर येत असेल तर आणखी 3 ट्रोकस. काच आठवडाभर स्वच्छ राहत असेल तर आहेत त्याच जास्त आहेत. त्यांना आठवड्यातून दोनदा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) दोन इंची तुकडा दगडाला रबराने बांधून द्या.

ट्रोकसवर भर देण्याचं कारण साधं आहे. ती उलटी पडली तर पाय बाहेर काढून स्वतः सरळ होते. टर्बोला वाळूवर ते बहुतेकदा जमत नाही, आणि उलटी पडलेली गोगलगाय म्हणजे हर्मिटचं जेवण. मेक्सिकन टर्बो तर थंडसर पाण्यातली, आपल्याकडच्या 28 अंशांत फार टिकत नाही. टर्बो असतीलच तर रोज रात्री दिवे मालवण्याआधी एक नजर टाका आणि उताण्या पडलेल्या उचलून दगडावर ठेवा. जिवंत आहे का ही शंका आली तर नाकाजवळ धरा. मेलेली गोगलगाय असह्य घाण मारते. जिवंत असेल तर दार ओढून घट्ट बंद करते.

नॅसारियस शेवाळाला तोंड लावत नाही. तिचं काम वाळूतलं उरलेलं खाणं. दिवसभर ती वाळूत पुरलेली असते, सोंडेसारखी एक नळी तेवढी वर. ब्राइन श्रिंपचा तुकडा तळाशी गेला की मिनिटभरात वाळू चार ठिकाणी फुगते आणि चारही जणी नळ्या हलवत धावत येतात. खाऊ टाकूनही कोणी वर आलं नाही तर समजा, एक तर त्या मेल्यात किंवा अमोनिया चढलाय.

हर्मिट क्रॅब टाळता आले तर टाळा. हवेच असतील तर निळ्या पायांचे छोटे 3, आणि प्रत्येकामागे त्याच्या शंखापेक्षा थोडे मोठे 3 रिकामे शंख, उकळून स्वच्छ केलेले. रिकामं घर नसलं की तो जिवंत गोगलगायीला मारून तिचं घर घेतो. सॅली लाइटफूट आणि इतर चपळ खेकडे लहानपणी शेवाळ खातात, मोठे झाले की झोपलेले मासे पकडतात.

काही जीव 'सफाई करणारे' म्हणून विकले जातात आणि हळूहळू उपाशी मरतात. वाळू चाळणारा तारामासा वाळूतले सूक्ष्मजीव संपवतो आणि मग हातांच्या टोकांपासून झिजत जातो. निळा लिंकिया तारामासा बहुतेक घरगुती टँकमध्ये काही महिने काढतो. हे दोन्ही 150 लिटरमध्ये नकोतच. हिरवा ब्रिटल स्टार तर छोटे मासे पकडतो.

आणि लाल-जांभळा, ओढला की चादरीसारखा निघणारा चिकट थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. तो खाणारं जवळजवळ कोणी नाही. त्यासाठी गोगलगायी आणून उपयोग नाही. खाऊ कमी करा, तो थर सायफनने ओढा, प्रवाह वाढवा, फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या खाली आणा.

मासे: ज्याला चारता येत नाही तो घेणे

मँडरिन दिवसभर दगडावरचे कोपेपॉड (इवले कवचधारी जीव) टिपत असतो. 150 लिटरच्या नव्या टँकमधले कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवतो आणि मग पेलेटसमोर उभा राहून उपाशी राहतो. टँक निदान वर्षभर जुना, दगड भरपूर आणि जोडीला रेफ्युजियम (असे सूक्ष्मजीव वाढवायचा वेगळा कप्पा) असेल तरच विचार करा. आणि दुकानात तो गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) खाताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हीच अट कॉपरबँड बटरफ्लायला.

क्लीनर रॅस समुद्रात मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. पाच छोटे मासे त्याला काय पुरवणार? त्याच्यासारखाच दिसणारा एक तोतया ब्लेनीही येतो आणि माशांचे पंख तोडतो. फरक तोंडात. रॅसचं तोंड थेट टोकाला, ब्लेनीचं खालच्या बाजूला.

ब्लू टँग दोन इंचांचा मिळतो आणि एक फुटापर्यंत वाढतो. तीन फुटांच्या टँकमध्ये कुठलाच टँग नको.

डॅमसेल मासा टाकून सायकल करण्याची पद्धत अजून चालू आहे. त्या माशाला अमोनियात जाळायचं, आणि तो जगला तर टँकचा मालक होऊन पुढच्या प्रत्येक माशाला मारतो. त्याला काढायला सगळे दगड बाहेर काढावे लागतात. त्याऐवजी सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा जाळीच्या पिशवीत घालून टँकमध्ये सोडा, कुजू लागला की अमोनिया येतो. अमोनिया 2 पीपीएमपर्यंत चढला की तुकडा काढा. पुढे तेवढाच अमोनिया 24 तासांत शून्यावर आणि नायट्राइटही शून्यावर आला की सायकल झाली.

या मापात नीट बसणारी यादी अशी: एक वॉचमन गोबी, एक फायरफिश, बँगाई कार्डिनलची खात्रीची जोडी, आणि टँकमध्येच पैदा केलेली ऑसेलारिस क्लाऊनफिशची जोडी. एवढंच. क्रमही हाच, कारण आधी आलेला जागा धरतो, म्हणून भित्रे आधी आणि क्लाऊन शेवटी. दोन खरेदींत तीन आठवडे अंतर. फायरफिश उडी मारतो, वर जाळीचं झाकण हवंच. क्लाऊनसाठी अ‍ॅनिमोन लागत नाही. अ‍ॅनिमोन चालत जाऊन पंपात अडकतो, आणि सडला तर टँक घेऊन जातो.

रात्रभर प्रवास केलेली पिशवी तासभर उघडी ठेवणे

कोकणात मासे बहुतेकदा मुंबईहून बस किंवा रेल्वेने येतात. दहा-बारा तासांत पिशवीत अमोनिया साठतो, पण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो आणि अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळू लागतो. म्हणून तापमानासाठी पिशवी बंदच 20 मिनिटं तरंगत ठेवा. उघडताक्षणी खारटपणा मोजा. तो बरेचदा 1.020 निघतो, कारण दुकानांत मीठ वाचवतात. मासा वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये जायचा आहे, तर त्या टँकचा खारटपणा आधी दुकानाला विचारून तेवढाच ठेवा आणि मासा जाळीने लगेच तिकडे सोडा. मग दिवसाला 0.001 ते 0.002 या गतीने 1.025 पर्यंत वाढवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

गोगलगायी आणि कोळंब्या खारटपणातल्या फरकाला माशांपेक्षा जास्त हळव्या. त्यांना बादलीत ठेवून हवेच्या नळीला गाठ मारून टँकचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब सोडा, निदान पाऊण तास.

माशांना 30 दिवस क्वारंटाइन. मरीन इच या माशांवरच्या परजीवीचं औषध तांब्याचं, आणि तांबं गोगलगायी, कोळंब्या, कोरल सगळ्यांना मारतं, म्हणून ते मुख्य टँकमध्ये कधीच नाही. इच टँकमध्ये शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून मुख्य टँक 76 दिवस माशांविना ठेवा. त्याच्या गाठी शंखांवरही चिकटून येतात, त्यामुळे गोगलगायींनाही जमेल तितके दिवस वेगळं ठेवलेलं बरं.

काही लक्षणं, थोडक्यात

सगळे मासे पहाटे पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकताहेत: प्राणवायू कमी. एप्रिल-मे महिन्यांत पाणी 30 च्या वर गेलं की हे होतं. 25 ते 27 अंश हवेत, त्यासाठी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र). पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण दमट हवेत त्याहून कमी, आणि उडालेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायचं. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या अर्ध्या तासात सुरू व्हायला हवा, आणि वीज येईपर्यंत खाऊ बंद.

कोळंबी मेलेली दिसतेय, पांढरी, पारदर्शक: उचलण्याआधी डोळ्यांच्या जागी बघा. आत पोकळ असेल तर ती टाकलेली कात आहे, कोळंबी दगडाखाली लपलेली असते. कात दोन दिवस तशीच राहू द्या.

एकाच आठवड्यात सगळ्या गोगलगायी मेल्या, मासे ठीक: तांबं, किंवा खारटपणाचा झटका. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) 35 पीपीटीच्या द्रावणाने जुळवून परत मोजा.

आणि एखादा जीव चुकीचा निघाला तर त्याला किनाऱ्यावर नेऊन सोडू नका, मग तो आपल्याच खडपातला का असेना. टँकमधला परजीवी त्याच्यासोबत समुद्रात जातो. दुकानदाराला परत द्या, किंवा मोठा टँक असलेल्या माणसाला द्या, आणि देताना तो काय खातो ते लिहून द्या.