विहिरीत निघालेलं ‘डायनोसॉरचं अंडं’ तपासायचं कसं

उन्हाळ्यात विहिरीचं काम निघालं की मुरमातून नारळाएवढा गुळगुळीत गोळा बाहेर येतो. कुणीतरी फोटो काढतं आणि संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘डायनोसॉरचं अंडं सापडलं’ फिरायला लागतं. असा गोळा हाती आला तर त्याच्याकडं नंतर बघा. तो ज्या थरातून निघाला तो थर आधी बघा. बहुतेक वेळा निकाल तिथंच लागतो.

आधी थर

मराठवाड्यातल्या विहिरीची भिंत वरून खाली वाचत या. काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण. माती सोडली तर बाकीचं सगळं एकाच आईचं लेकरू आहे: लाव्हा. मुरूम म्हणजे कुजलेला लाव्हा, मांजऱ्या म्हणजे वायूचे बुडबुडे अडकलेला लाव्हा, पाषाण म्हणजे सावकाश आणि घट्ट थिजलेला लाव्हा. हा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आला, म्हणजे डायनोसॉरांच्या अगदी शेवटच्या काळात. वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली आहेत.

काळ जुळतो म्हणून हाडं मिळतील असं मात्र नाही. बाहेर पडताना हा लाव्हा 1100 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. त्यात हाड टिकत नाही, अंडं तर नाहीच. जीवाश्म व्हायला गाळ लागतो: चिखल, वाळू, तळ्याचा तळ. म्हणून मुरूम, मांजऱ्या किंवा पाषाणाच्या पोटातून निघालेली वस्तू डायनोसॉरची नसते, मग ती दिसायला कितीही हुबेहूब असो.

मग इथली तेव्हाची जमीन गेली कुठं? खाली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ अभ्यासासाठी 617 मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. त्यात 338 मीटर लाव्हा लागला, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर आणि त्याच्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक. 338 मीटर म्हणजे अकराशे फुटांच्या वर. आपल्याकडं पाचशे फुटांचं बोअर कोरडं गेलं की माणूस कपाळाला हात लावतो. लाव्हा येण्याआधीची जमीन त्याच्या दुपटीहून खाली आहे. त्या आठ मीटरांत हाडं असतीलच असंही नाही. पण शोधायचंच झालं तर तो गाळ शोधायचा, वरचा पाषाण नव्हे.

पूर्वेकडं हा लाव्हा पातळ होत जातो. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, मुखेडच्या बाजूला खालचा ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. ग्रॅनाइटमध्येही डायनोसॉर नाही, तो त्यांच्याहून कितीतरी जुना. लाव्हा संपतो आणि खालचा खडक सुरू होतो तो सांधा ओढ्याकाठी कुठं दिसला तर तिथं थांबा. दोहोंच्या मध्ये पांढरट, हिरवट किंवा लालसर वाळूचा, चुनखडीचा थर आहे का ते पाहा.

आणखी एक जागा म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधली फट. एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये काही काळ जायचा; त्यात तळी साचायची, झाडं वाढायची. त्या फटीत गेरूसारखा लाल पट्टा असेल तर ती वरच्या लाव्हानं भाजलेली जुनी माती आहे, फार आशा धरू नका. पण पापुद्रे सुटणारा राखाडी-पांढरा थर असेल, किंवा गारगोटीसारख्या कठीण दगडात बोटाच्या पेरापेक्षा लहान गोगलगाई असतील, तर कळवण्याजोगं काहीतरी हाती लागलंय. दिसायला साधी असली तरी ही गोगलगाय त्या गोल गोळ्यापेक्षा मोलाची.

नदीच्या गाळातलं हाड

मांजरा किंवा गोदावरीच्या काठच्या दरडीत, रेतीगोट्यांच्या थरात, दगडासारखं जड झालेलं हाड मिळू शकतं. ते खरं हाड असतं, जीवाश्मही असतं, पण डायनोसॉरचं नसतं. या खोऱ्यांतून हत्तीचे आणि रानबैलाचे जीवाश्म मिळालेले आहेत. काळ हिमयुगाचा.

हा फरक डोक्यात बसवायचा असेल तर 25 मीटर सुतळी घ्या आणि शाळेच्या पटांगणात पसरा. 1 मीटर म्हणजे 1 कोटी वर्षं. एक टोक आजचं. तिथून 23 मीटरवर पहिले डायनोसॉर, 15 मीटरवर पाठीवर तबकड्या असलेला स्टेगोसॉरस, 6.6 मीटरवर आपला काळा पाषाण आणि पक्षी सोडून बाकी सगळ्या डायनोसॉरांचा शेवट. हिमयुगातले हत्ती शेवटच्या 26 सेंटिमीटरांत आणि आपली माणसाची जात शेवटच्या 3 सेंटिमीटरांत. पृथ्वीचा जन्म दाखवायचा तर सुतळी 454 मीटर लागेल. तो भाग तोंडी सांगितला तरी चालतो.

‘लोणारच्या उल्केनं डायनोसॉर मेले’ हेही याच सुतळीवर तपासून घ्या. लोणार विवर सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे टोकापासून सहा सेंटिमीटरांच्या आत. व्यास 1.8 किलोमीटर. डायनोसॉरांच्या शेवटाशी जोडलेलं विवर मेक्सिकोतलं चिक्शुलूब, सुमारे 180 किलोमीटर रुंद.

आता गोळा

सामान फार लागत नाही: सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, लोखंडी खिळा, काचेचा तुकडा, पांढरं व्हिनेगर, पट्टी. वजनावर जाऊ नका. पाषाण, गारगोटी आणि चुनखडी हातात साधारण सारख्याच जड लागतात.

पहिल्यांदा पापुद्रे मोजा. सगळ्यात जास्त फसवतो तो मुरमातला गोळा. पाषाणाला भेगा असतात, भेगांतून पाणी शिरतं, चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी कुजतात आणि मधे गोल गाभा उरतो. त्याचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात, एकाखाली एक, आणि सगळे त्याच दगडाचे. अंड्याला कवच एकच असतं. भारतात सापडलेली शाकाहारी, लांब मानेच्या डायनोसॉरांची अंडी साधारण 15 ते 20 सेंटिमीटर व्यासाची आणि कवच एक ते तीन मिलिमीटर जाडीचं. ही जाडी एका तुकड्यावर जवळपास सारखी राहते. पापुद्रा एकीकडं 2 मिलिमीटर आणि दुसरीकडं सेंटिमीटरभर भरला तर विषय संपला.

मग फुटलेली कड भिंगाखाली धरा. कवचाच्या कडेत जाडीच्या दिशेनं उभे, एकमेकांना खेटून बसलेले खांब दिसतात आणि बाहेरच्या बाजूला बारीक पुटकुळ्या. खडकाच्या पापुद्र्यात अशी रचना नसते. गोळा आतून पोकळ आणि स्फटिकांनी भरलेला निघाला तर तो मांजऱ्या खडकातल्या बुडबुड्याचा साचा. त्यात नंतर पाण्यानं गारगोटी किंवा झिओलाइट नावाचं पांढरट खनिज भरलं. सुंदर असतो, कपाटात ठेवा. खात्रीसाठी त्याची कड काचेवर ओढा. काचेवर ओरखडा उठला तर ती गारगोटी. मूळचं कवच चुन्याच्या स्फटिकांचं असतं, त्याच्यावर खिळ्यानंच ओरखडा उठतो.

व्हिनेगर शेवटी, आणि तेही सुट्या कपचीवरच. कपची थोडी खरवडून पूड करा, दोन थेंब टाका. चुना असेल तर बारीक बुडबुडे येतात. बुडबुडे आले म्हणजे अंडं, असं मात्र नाही. आपल्या काळ्या मातीखाली चुनखडीचे गोळे ढिगानं असतात, तेही फसफसतात. ही चाचणी ‘नाही’ म्हणायला उपयोगी, ‘हो’ म्हणायला नाही. अख्ख्या नमुन्यावर आम्ल ओतणं हा इथला सर्वांत वाईट अपराध. वस्तू खरी असेल तर तुम्ही नेमका पुरावाच विरघळवता.

हाडासारखं दिसणारं

हाडाची मोडलेली बाजू बघा. बाहेर घट्ट थर, आत जाळी. जाळीची भोकं बारीक, साधारण सारखी आणि हाडाच्या लांबीच्या दिशेनं ओढलेली. मांजऱ्या खडकाची भोकं लहान-मोठी, विखुरलेली आणि बऱ्याचदा पांढऱ्या दाण्यांनी भरलेली. लाव्हाच्या तळाशी बोटासारख्या उभ्या नळ्या असतात, त्यांना लोक नखं नाहीतर बरगड्या समजतात. लाव्हाची साय वळकट्या पडून थिजली की दोरखंडासारखी दिसते आणि तिची ‘कातडी’ होते. भेगेच्या सपाट पृष्ठभागावरची काळी फर्नसारखी नक्षी मँगेनीजची. पानाला मधली शीर असते, हिला नसते.

सगळ्या चाचण्यांत टिकलं तर

काम थांबवा. धुऊ नका, फेव्हिक्विक लावू नका, घासून चमकवू नका. वस्तू जागेवरून हलवण्याआधी तीन फोटो घ्या: लांबून पूर्ण भिंत, मधल्या अंतरावरून थर, जवळून वस्तू. जवळच्या फोटोत दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा. कागदावर असं काहीतरी लिहा: ‘गट क्रमांक अमुक, जमिनीपासून 9.40 मीटर खाली, वर काळा पाषाण, खाली लाल थर, मधला राखाडी थर 35 सेंटिमीटर, वस्तू त्याच्या तळाशी.’ हा कागद नसेल तर खरं अंडंही नुसता शोभेचा दगड होऊन बसतं, कारण त्याचं वय थरावरून ठरतं.

मोठं हाड असेल तर उपसू नका. ओलं गोणपाट टाकून वर ताडपत्री घाला. दरड कोसळायच्या बेतात असेल तेव्हाच उघडी बाजू बांधून घ्या. आधी ओल्या कागदाचे तीन-चार थर, मग दह्याइतक्या दाट प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. कागद विसरलात तर प्लास्टर हाडाला चिकटतं आणि काढताना वरचा पापुद्रा घेऊन येतं.

कळवायचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही भूशास्त्राचं संकुल आहे. नदीच्या गाळातलं हाड असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज योग्य. आजूबाजूच्या विहिरींत कोणते थर लागले हे जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडं विचारता येतं आणि भूशास्त्रीय नकाशे ‘भूकोश’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

कुणी गोळ्याला शेंदूर फासून देव्हाऱ्यात ठेवला असेल तर हसू नका. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या गावी शेताचा राखणदार म्हणून पुजलेले गोल दगड खरोखर डायनोसॉरची अंडी निघाले. पण तिथला थर लाव्हाखालच्या गाळाचा होता. त्याच जिल्ह्यातली 92 घरटी आणि 256 अंडी 2023 मध्ये शोधनिबंधात नोंदवली गेली.

खरं हाड एकदा डोळ्यांखालून घातलं की पुढची फसगत कमी होते. नांदेड, लातूरकडून जवळ पडतं ते हैदराबादचं बिर्ला विज्ञान केंद्र. तेलंगणातल्या यामनपल्लीच्या परिसरात मिळालेल्या कोटासॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा तिथं उभा आहे, अनेक जनावरांची हाडं जुळवून केलेला. मणक्यांच्या कडा आणि मांडीच्या हाडाची टोकं नीट बघा. महाराष्ट्रातलं ठिकाण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं पिसदुरा. तिथं डायनोसॉरच्या काळातलं दगड झालेलं शेण मिळतं, आणि 2005 मध्ये त्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले. तोवर डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतंच असा सर्वसाधारण समज होता. ते शेण दिसायला साध्या मातकट गोट्यासारखं असतं. फोटो काढून ग्रुपवर टाकावं असं त्यात काही नाही.